कॅम्पातली कॉलेजे, धानाची शेते आणि देणगीदार

निर्वासितांसाठी गोळा होणारा पैसा बहुधा पहिल्या वर्षी येतो आणि पहिल्याच वर्षी संपतो. बातमी ताजी असते तोवर धान्य, पांघरुणे, औषधे, जुने कपडे यांचा ओघ चालू राहतो. बातमी शिळी झाली की ओघ आटतो. शाळा आणि शेती या वेळापत्रकात बसत नाहीत. पहिलीत घातलेले मूल पदवीधर व्हायला पंधरा वर्षे लागतात. नव्या, अनोळखी जमिनीची बांधबंदिस्ती होऊन ती घर चालेल इतके पिकवू लागायला चार-सहा पावसाळे जातात. एवढा काळ एका जागी टिकून राहणारा माणूस एकच असतो, तो म्हणजे निर्वासित स्वतः. म्हणून या दोन कामांत कारभार निर्वासितांच्या हाती आणि दाता मागे, ही रचना पुष्कळदा टिकते. दाता पुढे आणि निर्वासित रांगेत, ही रचना दाता कंटाळला की कोसळते.

जागतिक मदतसंस्थांच्या बैठकांत हा विचार गेल्या दहा-पंधरा वर्षांत रुळला. ठाणे जिल्ह्यात त्याचा प्रत्यक्ष प्रयोग १९४८ च्या सुमारास सुरू झाला. शिक्षणापुरता तो यशस्वी झाला असे म्हणायला हरकत नाही. शेतीचा प्रयोग ठाण्यात झालाच नाही. तो का झाला नाही, हे पाहण्यासारखे आहे. आणि महाराष्ट्रात जिथे झाला, तिथे म्हणजे गोंदिया आणि गडचिरोलीकडे, त्याचे काय झाले हेही.

कल्याण कॅम्प

दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराचा मोठा तळ होता. सैनिकांना आघाडीवर पाठवण्याआधी इथे ठेवत. दोन हजारांहून अधिक बराकी, मधे लांबलचक हॉल आणि दोन्ही टोकांना खोल्या, अशी त्यांची ठेवण. युद्ध संपले, तळ ओस पडला, आणि फाळणीनंतर सिंधमधून बोटीने आणि रेल्वेने आलेल्या कुटुंबांना सरकारने इथे आणून उतरवले. एका हॉलात कितीतरी कुटुंबे. मधे गोणपाटाचे नाहीतर साड्यांचे पडदे, एका पडद्याआड चूल, दुसऱ्याआड बाळंतीण. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीचे नाव उल्हासनगर झाले. तरी कल्याण-डोंबिवलीचे जुने लोक अजून ‘कॅम्पात जाऊन येतो’ असेच म्हणतात, आणि पत्त्यात कॅम्प नंबर एक ते पाच आजही चालतात. १९५१ च्या जनगणनेपर्यंत वस्ती ऐंशी हजारांवर गेली होती.

सिंधमधून आलेले हिंदू बहुतांशी शहरी होते. त्यांतले आमिल म्हणजे शिकलेले, सरकारी नोकरीतले, वकिली-मास्तरकी करणारे. भाईबंद म्हणजे व्यापारी. काहींच्या जमिनी होत्या, पण त्या कसणारे हारी बहुतेक मुसलमान होते. नांगर धरलेला माणूस या लोंढ्यात फारसा नव्हता. कॅम्पात पहिल्या काही वर्षांत जे उद्योग उभे राहिले त्यांत हेच दिसते: घरोघर लाटलेले पापड, लोकलच्या डब्यात विकलेल्या गोळ्या आणि कंगवे, शिवणयंत्रे, मग कापडाचा आणि फर्निचरचा बाजार. आणि त्यांच्या जोडीने शाळा. शाळा काढायला भांडवल कमी लागते आणि आमिल मास्तर कॅम्पात भरपूर होते. मास्तर आणि विद्यार्थी एकाच बराकीत राहत असले तर शाळेला आणखी काय हवे, असा तो काळ.

सामानाबरोबर आलेली कॉलेजे

शाळांपेक्षा कॉलेजांची कथा अधिक बोलकी आहे. सिंधमधल्या हैदराबादेत १९२२ मध्ये अॅनी बेझंट यांच्या प्रेरणेने आणि ऋषी दयाराम गिदुमल यांच्या दातृत्वावर एक राष्ट्रीय महाविद्यालय सुरू झाले होते. दयाराम गिदुमल हे न्यायाधीश आणि समाजसुधारक. मुंबईत १९०८ मध्ये बेहरामजी मलबारी यांच्याबरोबर सेवासदन काढणारे तेच. फाळणीनंतर हैदराबादचे कॉलेज तिथे चालवणे अशक्य झाले, तेव्हा प्राचार्य के. एम. कुंदनानी आणि बॅरिस्टर होतचंद अडवाणी यांनी ते १९४९ मध्ये वांद्र्याला पुन्हा उभे केले. त्याच वर्षी हैदराबाद (सिंध) नॅशनल कॉलेजिएट बोर्ड ही संस्था झाली. पुढे तिने १९५४ मध्ये चर्चगेटचे किशिनचंद चेलाराम कॉलेज आणि १९६० मध्ये एच. आर. कॉमर्स कॉलेज काढले. कराचीच्या डी. जे. सिंध कॉलेजातून आलेल्या प्राध्यापकांच्या एका गटाने १९४८ मध्येच जयहिंद कॉलेज सुरू केले होते. चेंबूरच्या सिंधी कॅम्पाजवळ हशू अडवाणी यांची विवेकानंद एज्युकेशन सोसायटी १९६२ ची.

उल्हासनगरात तलरेजा महाविद्यालय १९६१ मध्ये आणि चांदीबाई हिमथमल मनसुखानी महाविद्यालय, म्हणजे सगळ्यांच्या तोंडचे सीएचएम, १९६५ मध्ये सुरू झाले. सीएचएम हेही हैदराबादहून आलेल्या त्याच बोर्डाचे. ही सालवारी शेजारच्या गावांच्या सालवारीशेजारी ठेवून पाहावी. ठाणे शहरात विद्या प्रसारक मंडळाचे महाविद्यालय १९६९ चे, कल्याणचे बिर्ला महाविद्यालय १९७२ चे. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या इथे राहणाऱ्यांच्या आधी बराकीत राहणाऱ्यांनी कॉलेज काढले, आणि कल्याण, अंबरनाथ, बदलापूरची मराठी मुले लोकलने उतरून तिथे शिकली. निर्वासितांना मदत करायची की स्थानिकांना, असा वाद जिथे तिथे घातला जातो. उल्हासनगर स्टेशनसमोर त्याचे उत्तर गेली साठ वर्षे हजेरीपटावर आहे.

हे शक्य झाले ते संस्था जिवंत आल्यामुळे. इमारत, ग्रंथालय, प्रयोगशाळा सिंधमध्ये राहिली. पण प्राचार्य, प्राध्यापक, कारभाराची सवय, माजी विद्यार्थ्यांची ओळख आणि देणगीदारांची यादी माणसांच्या डोक्यात आली. नव्या दात्यांना शून्यातून संस्था घडवावी लागली नाही. ज्यांना संस्था चालवता येत होती त्यांना जागा आणि भांडवल पुरवणे एवढेच काम उरले.

पैसा कुठून आला

देणगीदार मुख्यतः स्वतः सिंधीच होते, पण सगळे निर्वासित नव्हते. हैदराबादचे ‘सिंधवर्की’ व्यापारी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून रेशीम आणि कलाकुसरीच्या वस्तू घेऊन जिब्राल्टर, माल्टा, इजिप्त, सिंगापूर, हाँगकाँग असे पसरले होते. फाळणीत त्यांचे हैदराबादचे वाडे गेले, पण परदेशातल्या पेढ्या शाबूत राहिल्या. एखाद्या समाजाच्या संपत्तीचा मोठा हिस्सा आपत्तीच्या कक्षेबाहेर असणे, ही पुनर्वसनातली फार मोठी अनुकूलता असते. पूर्व बंगालमधून गडचिरोलीकडे आलेल्या नमशूद्र शेतकऱ्यांना ती मुळीच नव्हती, आणि पुढे दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या त्याचे एक कारण इथे सापडते.

देणगीच्या बदल्यात नाव, हा व्यवहार या संस्थांनी उघडपणे केला. किशिनचंद चेलाराम, हस्साराम रिझुमल, चांदीबाई मनसुखानी ही नावे फाटकावर आली ती अशीच. मराठी वाचकाला यात थोडा बडेजाव वाटतो, कारण लोकमान्यांच्या आणि आगरकरांच्या परंपरेत संस्थेचे नाव बहुधा ध्येयावरून नाहीतर थोर पुरुषावरून पडते. पण हिशेब पाहिला तर या पद्धतीत खोट काढता येत नाही. नाव देऊन मिळणारी रक्कम एकदाच मिळते आणि मोठी असते. तिच्यातून जागा आणि इमारत होते. महाविद्यालय मान्यता मिळवून अनुदानावर आले की प्राध्यापकांच्या पगाराचा मोठा भार शासन उचलते. देणगीने पहिली काही वर्षे निभावायची, नंतर सरकारी व्यवस्थेत शिरायचे, असा हा मार्ग होता.

तो मोकळा होता याचे कारण नागरिकत्व. राज्यघटनेच्या सहाव्या अनुच्छेदाने पाकिस्तानातून आलेल्यांना नागरिक मानले. १९५४ च्या विस्थापितांच्या भरपाई व पुनर्वसन कायद्याने तिकडे गेलेल्या मालमत्तेचे दावे, बोलीभाषेत ‘क्लेम’, तपासून इकडे भरपाई देण्याची सोय केली. कॅम्पातल्या अनेकांना राहत्या बराकीतलाच हिस्सा आपल्या नावावर करता आला. उल्हासनगरातला जमिनीचा व्यवहार आजही मालकीची सनद आहे की नाही, या प्रश्नापाशी येऊन थांबतो. नागरिक असलेला निर्वासित विश्वस्त संस्था नोंदवू शकतो, जमीन घेऊ शकतो, अनुदान मागू शकतो, निवडणूक लढवू शकतो. दात्याच्या पैशाला हे सगळे हात मिळतात.

एक गोष्ट मात्र या कॉलेजांना राखता आली नाही. सिंधी भाषा १० एप्रिल १९६७ रोजी आठव्या अनुसूचीत आली, पण तोवर पालकांचा कल इंग्रजी माध्यमाकडे झुकला होता. सिंधी माध्यमाचे वर्ग एकेक करून रोडावले. बाजाराला जे शिक्षण हवे ते समाजाने स्वतःच्या पैशाने स्वतःच निवडले. त्यात भाषा मागे पडली. निर्वासितांच्या हाती कारभार दिला म्हणजे ते आपली संस्कृती जपतीलच, हे दात्यांनी गृहीत धरू नये.

वळिवडे: एकाच दात्यावर उभी असलेली शाळा

कोल्हापूरजवळ वळिवड्याला याच्या उलट उदाहरण आहे. सोव्हिएत संघाने हद्दपार केलेले आणि इराणमार्गे भारतात आलेले सुमारे पाच हजार पोलिश लोक, त्यांत बहुतेक स्त्रिया आणि मुले, १९४३ ते १९४८ या काळात तिथल्या छावणीत राहिले. छावणीचा अंतर्गत कारभार त्यांच्याच हाती होता. प्राथमिक आणि माध्यमिक शाळा, चर्च, दवाखाना, बालवीरांची पथके, नाटके, हस्तकलेचे वर्ग सगळे पोलिश माणसेच चालवत. शिक्षक निर्वासितांतलेच, भाषा पोलिश, अभ्यासक्रम पोलिश. राहत्या घरांपुढच्या तुकड्यांत त्यांनी बागा फुलवल्या.

खर्च लंडनमधले परागंदा पोलिश सरकार करत होते. जुलै १९४५ मध्ये ब्रिटनने त्या सरकारची मान्यता काढून घेतली आणि पैशाचा झरा आटला. पुढे छावणीचा भार संयुक्त राष्ट्रांच्या मदत आणि पुनर्वसन संस्थेकडे गेला. शाळा चांगली होती, शिक्षक चांगले होते, व्यवस्था त्यांच्याच हातात होती, तरी पायाखालची जमीन आणि खिशातला पैसा दोन्ही दुसऱ्याचे होते. १९४८ पर्यंत ही मंडळी ब्रिटन आणि इतर देशांकडे पांगली. रिकाम्या बराकी फार काळ रिकाम्या राहिल्या नाहीत. तिथे सिंधी निर्वासित आले, आणि कोल्हापूर जिल्ह्याची घाऊक कापडपेठ असलेले गांधीनगर त्यातून उभे राहिले.

ठाण्यात शेती का नाही

शेतीसाठी जमीन लागते आणि ठाण्यात ती मोकळी नव्हतीच. उल्हास आणि वालधुनीच्या काठची भातशेती आगरी, कोळी, कुणबी आणि आदिवासी कुटुंबांची. युद्धकाळात लष्करासाठी या भागातल्या पुष्कळ जमिनी घेतल्या गेल्या. नेवाळीच्या धावपट्टीसाठी गेलेल्या जमिनी परत मिळाव्यात म्हणून शेतकरी २०१७ मध्येही रस्त्यावर उतरले होते, इतकी ती जखम लांबली. पंजाबात निघून गेलेल्या मुसलमान जमीनदारांची शेते आलेल्या शेतकऱ्यांना वाटता आली. कोकणपट्टीत तशी सोडलेली जमीन जवळपास नव्हती. कच्छच्या महारावांनी भाई प्रताप दियालदास यांच्या सिंधू रिसेटलमेंट कॉर्पोरेशनला पंधरा हजार एकर दिले, पण त्यावरही गांधीधाम हे बंदराचे शहर झाले, शेतीची वसाहत नव्हे.

शेतीच्या योजनेला दान देणाऱ्याने हा मुद्दा आधी पाहावा. शाळा बराकीत भरते. शेत बराकीत भरत नाही. जमीन देणगीतून विकत घेऊन निर्वासितांना वाटणे हे क्वचितच होते, कारण तेवढी रक्कम उभी राहत नाही आणि महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेण्यास कायद्याची अडचण आहे. त्यामुळे शेतीत सरकार हा पहिला दाता असतो. धर्मादाय पैसा नंतर येतो: विहिरीला, बैलजोडीला, बियाण्याला, सहकारी सोसायटीच्या भांडवलाला.

गडचिरोली आणि गोंदिया

पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली कुटुंबांना १९६० च्या दशकापासून तेव्हाच्या चांदा जिल्ह्यात वसवले गेले. मुलचेरा, चामोर्शी या आज गडचिरोलीत असलेल्या तालुक्यांत त्यांची गावे आहेत. मोठा भाग नमशूद्र शेतकऱ्यांचा. धान आणि मासे ही दोन्ही त्यांना जन्मापासून ठाऊक होती, म्हणून जंगल तोडून मिळालेल्या जमिनीवर ते टिकले. तळी खोदून मत्स्यपालन केले. शिक्षणात मात्र त्यांची गाडी अडली. बंगाली शिकवणारे शिक्षक अपुरे, आणि महाराष्ट्राच्या अनुसूचित जातींच्या यादीत नमशूद्र नाहीत, त्यामुळे पश्चिम बंगालमध्ये जी सवलत आणि शिष्यवृत्ती मिळाली असती ती इथे मिळाली नाही. सिंध्यांकडे शिक्षक होते, जमीन नव्हती. यांच्याकडे जमीन आली, शिक्षक नव्हते. आणि हाँगकाँगला कोणाचा काका नव्हता.

गोंदियातला प्रयोग तिबेटी निर्वासितांचा. त्यांची वसाहत गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगावजवळ, इटियाडोह धरणाच्या परिसरात आहे. नॉरग्येलिंग हे तिचे नाव. ती १९७२ मध्ये वसली तेव्हा हा भाग भंडारा जिल्ह्यात होता. थंड पठारावर जव पिकवणाऱ्या आणि याक पाळणाऱ्या लोकांनी पूर्व विदर्भाच्या उन्हाळ्यात धान लावायला शिकायचे, हे काम सोपे नव्हते. तिबेट्यांच्या सगळ्याच शेती-वसाहतींची घडी साधारण एकसारखी आहे. जमीन राज्य सरकारने वापरायला दिलेली, मालकीची नाही. वसाहतीचा अधिकारी तिबेट्यांच्या निर्वासित प्रशासनाकडून आलेला. ट्रॅक्टर, खत, धान्यखरेदी आणि दुकान चालवणारी सहकारी सोसायटी वसाहतवासीयांची. परदेशी संस्थांचा पैसा सोसायटीमार्फत उतरतो. कर्नाटकातल्या तिबेटी वसाहतींच्या उभारणीसाठी १९६८ मध्ये मायराडा ही संस्था सुरू झाली. ते काम आटोपल्यावर तिने बचतगट आणि पाणलोटाच्या कामाला वाहून घेतले, आणि बचतगटांच्या क्षेत्रात आज ती देशभर ओळखली जाते. निर्वासितांसाठी केलेला खर्च यजमान समाजाच्या उपयोगी पडल्याचे हे ठळक उदाहरण.

तिबेटी वसाहतींचे वर्ष दोन भागांत विभागलेले असते. पावसाळ्यात रोवणी, दिवाळीच्या आगेमागे कापणी आणि मळणी. धान घरात आले की घरातली धडधाकट माणसे बाहेर पडतात आणि महाराष्ट्रातल्या अनेक शहरांत फुटपाथवर स्वेटरांचे तंबू लागतात. माल बहुतेक लुधियानाचा, आणि तोही पुष्कळदा उधारीवर: हंगाम संपल्यावर पैसे चुकते करायचे, ही पिढ्यांची साखळी आहे. थंडी संपली की परत शेतात. पाऊस दगा देतो त्या वर्षी स्वेटर घर चालवतो. शेती योजनेचा अहवाल एकरी उत्पन्न मोजतो. घराचा जमाखर्च मात्र या दुसऱ्या सहामाहीवर उभा असतो, आणि तिला सहसा कोणी देणगी देत नाही.

तिबेटी शिक्षणाची बाजू भक्कम आहे. मे १९६० मध्ये रस्तेबांधणीच्या छावण्यांतून ५१ मुले धरमशालेला आणली गेली आणि त्यातून तिबेटन चिल्ड्रन्स व्हिलेज ही संस्था वाढली. आधी दलाई लामांच्या भगिनी त्सेरिंग डोलमा यांनी आणि १९६४ पासून दुसऱ्या भगिनी जेत्सुन पेमा यांनी ती सांभाळली. एका परदेशी कुटुंबाने एका मुलाचा खर्च उचलायचा, वर्षातून पत्र आणि प्रगतिपुस्तक यायचे, ही पालकत्वाची पद्धत तिथे चांगली रुजली. भारत सरकारनेही १९६१ पासून तिबेटी शाळांसाठी स्वतंत्र यंत्रणा चालवली.

आणि इथेच एक कोडे उभे राहते, ज्याबद्दल देणगीपत्रके बोलत नाहीत. शाळा जितकी चांगली, तितकी शेतावर परतणारी मुले कमी. शिकलेले तरुण बंगळूर, दिल्ली आणि पुढे परदेशी गेले. अनेक वसाहतींत शेते म्हाताऱ्यांवर नाहीतर वाट्याने करणाऱ्यांवर उरली. शिक्षण आणि शेती हे दोन कार्यक्रम एकाच माहितीपत्रकात शेजारी छापले जातात, पण प्रत्यक्षात एक दुसऱ्याचे मनुष्यबळ खेचत असतो. याला अपयश म्हणायचे कारण नाही. कोकणातल्या प्रत्येक गावाने मुंबईच्या मनीऑर्डरीवर हेच अनुभवले आहे. फक्त शेतीला दिलेली देणगी पुढच्या पिढीसाठी आहे, असे समजून ती देऊ नये. ती आजच्या पिढीच्या भातासाठी आहे.

महाराष्ट्राबाहेर

निर्वासितांनी स्वतः काढलेल्या संस्थांचे भारतातले चांगले उदाहरण चेन्नईचे आहे. श्रीलंकेतून आलेल्या तमिळांसाठी एस. सी. चंद्रहासन यांनी १९८४ मध्ये ऑफर ही संस्था सुरू केली. छावण्यांत संध्याकाळचे वर्ग, मुलांना महाविद्यालयात प्रवेश मिळावा म्हणून सरकारकडे पाठपुरावा, पोषणासाठी स्पिरुलिना या शेवाळाची लागवड, अशी तिची कामे. शिकवणारे आणि राबणारे छावणीतलेच.

युगांडात आलेल्या निर्वासित कुटुंबाला घरासाठी आणि शेतीसाठी जमिनीचा तुकडा देण्याचे धोरण आहे. नकिवाले ही तिथली वसाहत १९५८ पासूनची. शाळा, दवाखाने, पाणी यांवरच्या मदतीतला साधारण ३० टक्के भाग आसपासच्या स्थानिक गावांना मिळावा, असाही तिथे संकेत आहे. आपल्याकडच्या नेवाळीसारख्या प्रश्नाची धार त्याने थोडी बोथट होते. माणसे वाढली तसे तुकडे मात्र लहान होत गेले. क्यांगवाली वसाहतीत काँगो, रवांडा, बुरुंडी, सुदान इथून आलेल्या तरुणांनी २००५ मध्ये कोबुर्वास ही संघटना काढून मुलांची शाळा चालवली. इंडोनेशियात बोगोरजवळ चिसारुआ इथे हजारा निर्वासितांनी २०१४ मध्ये शिक्षणकेंद्र काढले. तिथे निर्वासित मुलांना सरकारी शाळेचा रस्ता फारसा खुला नव्हता आणि प्रौढांना नोकरी करण्याची परवानगी नव्हती, म्हणून शिक्षक स्वयंसेवक आणि पैसा बाहेरच्या व्यक्तींच्या छोट्या देणग्यांचा.

मोठ्या दात्यांचा कल अजून दुसरीकडेच आहे. २०१६ मध्ये मोठे दाते देश आणि मदतसंस्था यांनी ‘ग्रँड बार्गेन’ या नावाने ठरवले की २०२० पर्यंत निधीतला किमान २५ टक्के भाग शक्य तितक्या थेट मार्गाने स्थानिक संस्थांना जावा. ते उद्दिष्ट एकंदरीत गाठले गेले नाही. कारण अगदी कारकुनी आहे. बड्या संस्थेला हिशेब द्यायला लेखाविभाग असतो; छावणीतल्या शाळेला वही असते.

ठाण्यातून देणगी द्यायची असेल तर

भारताने १९५१ च्या निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय करारावर सही केलेली नाही. त्यामुळे आज येणारा परदेशी निर्वासित हा कायद्याच्या नजरेत परदेशी नागरिक असतो आणि सिंध्यांप्रमाणे त्याला संस्था, जमीन, अनुदान हे ओघाने मिळत नाही. अशांच्या कामाला दिलेली देणगी बहुतेक वेळा एखाद्या नोंदणीकृत भारतीय संस्थेमार्फत जाते. महाराष्ट्रात अशी संस्था बहुधा महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदलेली असते. ठाण्याच्या धर्मादाय कार्यालयात तिचे विश्वस्त कोण, बदल अर्ज मंजूर झाला आहे का, वार्षिक लेखापरीक्षण दाखल होते का, हे पाहता येते. विश्वस्तांत निर्वासित समाजातले कोणी आहे का, हे याच कागदावर कळते. माहितीपत्रकावरच्या छायाचित्रांवरून कळत नाही. संस्थेची जमीन किंवा इमारत विकायला कलम ३६ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते, म्हणून वास्तूला दिलेला पैसा तुलनेने सुरक्षित असतो.

८०जी या नावाने ओळखली जाणारी आयकर सवलत साधारणपणे देणगीच्या निम्म्या रकमेवर मिळते, पण दोन हजार रुपयांवरच्या रोख देणगीला नाही आणि नवी करप्रणाली निवडलेल्याला तर मुळीच नाही. परदेशातल्या संस्थेला थेट दिलेल्या देणगीवरही ती नाही. नोकरदार डोंबिवलीकरांपैकी बरेच जण आता नव्या प्रणालीत आहेत. त्यांच्यापुरता हा मुद्दा निकालात निघतो.

मुले परदेशी असलेल्या घरांनी परदेशी देणगीविषयक २०१० चा कायदा समजून घ्यावा. भारतीय पारपत्र असलेल्या मुलाने आपल्या बचतीतून पाठवलेली रक्कम परदेशी देणगी धरली जात नाही. अमेरिकी किंवा ब्रिटिश नागरिकत्व घेतलेल्या मुलीने पाठवलेली, तिच्याकडे ओसीआय कार्ड असले तरी, धरली जाते. अशी रक्कम त्या कायद्याखाली नोंदलेल्या संस्थेलाच घेता येते, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर ती दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावी लागते. संस्थेने ती पुढे दुसऱ्या संस्थेला द्यायची नाही आणि तिच्यातला २० टक्क्यांहून अधिक भाग प्रशासनावर खर्चायचा नाही. नियम गैरवापर रोखण्यासाठी आहेत. परिणाम असा की मोठ्या संस्थेकडून छावणीतल्या लहान शाळेकडे जाणारी परदेशी पैशाची पाऊलवाट बंद झाली. लहान संस्थांना आता देशातल्या देणगीवरच भिस्त ठेवावी लागते.

आणि या देशी देणगीचे एक ठरलेले वळण आहे. वर्गखोलीला दाता मिळतो, संगणकाला मिळतो, पाण्याच्या टाकीला तर हमखास मिळतो, कारण त्यावर पाटी लावता येते. शिक्षकाच्या पगाराला आणि सोसायटीच्या हिशेबनिसाला मिळत नाही. उल्हासनगरच्या कॉलेजांना पगाराचा आधार पुढे शासनाने दिला. चिसारुआच्या किंवा क्यांगवालीच्या शाळेला, आणि भारतातल्या परदेशी निर्वासितांच्या संध्याकाळच्या वर्गांना, तसे शासन नाही. म्हणून ठाण्या-कल्याणच्या कुटुंबाला अशा कामाला वर्षाला पाच-दहा हजार रुपये द्यायचे असतील, तर ते एका शिक्षकाच्या पगारासाठी, सलग पाच वर्षे, पावतीवर तसा उल्लेख करून घेऊन द्यावेत.